खासगी जेट कंपनीत वैमानिक व्हायचंय? मग अर्ज टाकण्याआधी एवढं वाचा

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं की बहुतेक मुलंमुली एअरलाइनच्या भरतीकडे डोळे लावून बसतात. ती निघाली नाही, किंवा निघाली आणि आपला नंबर लागला नाही, की कुणीतरी सुचवतं, "अरे, चार्टरवाल्यांकडे टाकून बघ की!" मग एअरलाइनसाठी केलेला बायोडेटा जसाच्या तसा वीस-पंचवीस कंपन्यांना एका झटक्यात जातो. एकाचंही उत्तर येत नाही. मुलं हिरमुसतात, आईवडील कर्जाचे हप्ते मोजत बसतात. खरं तर बऱ्याचदा त्या अर्जात वाईट काहीच नसतं. तो चुकीच्या पद्धतीच्या नोकरीसाठी लिहिलेला असतो, एवढंच.

एअरलाइनला वैमानिक घाऊक लागतात. म्हणून तिथे जाहिरात, लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत अशी ठरलेली साखळी असते. अख्खं विमान भाड्याने देणाऱ्या चार्टर कंपनीकडे दोन, चार, फार तर दहा-बारा विमानं असतात. एक को-पायलट सोडून गेला की एक जागा रिकामी होते, आणि ती नुसती 'वैमानिकाची' नसते. ती सायटेशन एक्सएलएस या जेटच्या को-पायलटची असते किंवा किंग एअर या पंख्याच्या विमानाच्या को-पायलटची. हँगरमध्ये कोणतं विमान उभं आहे, विमा कंपनीने काय अट घातली आहे आणि चीफ पायलटला तुमच्याबद्दल कोण काय सांगतं, या तीन गोष्टींवर निम्म्याहून जास्त निर्णय तुमचा ई-मेल उघडण्याआधीच झालेला असतो. तेव्हा अर्जाची तयारी या तिन्हींपासून करायची.

आधी कंपनी ओळखा

आपण सरसकट 'प्रायव्हेट जेट' म्हणतो, पण कागदावर यात दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला एनएसओपीवाल्यांचा, म्हणजे डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाचा नॉन-शेड्युल्ड ऑपरेटर परवाना असलेल्या कंपन्यांचा. या भाडं घेऊन अख्खं विमान देतात. ठरलेलं वेळापत्रक नाही, तिकीट खिडकी नाही. दुसरा प्रकार प्रायव्हेट श्रेणीचा. एखाद्या उद्योगसमूहाने स्वतःच्या वापरासाठी विमान घेतलेलं असतं आणि त्यावर भाडं घ्यायला कायद्याने मनाई असते. मधला एक मार्गही फार चालतो. मालक विमान विकत घेतो, ते एनएसओपीवाल्या कंपनीकडे चालवायला देतो, आणि मालकाला नको असेल त्या दिवशी तेच विमान चार्टरला जातं. याशिवाय राज्य सरकारांची स्वतःची विमानं आणि हेलिकॉप्टरं असतात, तो भाग वेगळा.

हा फरक अर्ज करणाऱ्याला का कळायला हवा? कारण कामाचं स्वरूपच पालटतं. उद्योगसमूहाच्या विमानावर तेच चार-सहा प्रवासी, तीच ठरावीक शहरं, आणि मालकाच्या स्वभावाशी जमलं तर वर्षानुवर्षांची नोकरी. चार्टरमध्ये आज नागपूर, उद्या जामनगर, परवा रुग्ण घेऊन चेन्नई, आणि निवडणुका लागल्या की दिवसाला चार-पाच सभांची धावपळ. व्हीआयपी उड्डाणांसाठी वैमानिकाच्या अनुभवाच्या अटी वेगळ्या आणि कडक आहेत, त्यामुळे त्या हंगामात नवख्याचा उपयोग मर्यादितच.

एनएसओपी असलेल्या कंपन्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, कोणाकडे कोणती विमानं आहेत त्यासकट. ही यादी फारच थोडे उमेदवार उघडून बघतात. निदान एवढं तरी करा. ज्या कंपनीकडे फक्त हेलिकॉप्टरं आहेत तिला विमानाच्या लायसन्सवर अर्ज पाठवणारेही असतात!

तास, वजन आणि टाइप रेटिंग

सीपीएलसाठी २०० तास लागतात, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना. सोबत मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडण्याची पात्रता), क्लास वन मेडिकल, इंग्रजी प्रावीण्याचा किमान चौथा स्तर आणि आरटीआर. ही रेडिओ परवान्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ला लागू झाला आणि ती डीजीसीएकडे आली. एवढं सगळं झालं की कायद्याने तुम्ही को-पायलट व्हायला मोकळे. पण ज्या विमानावर बसायचं त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवण्याची पात्रता हवी, आणि खरी मेख इथे आहे.

वजनाचा हिशेब समजून घ्या. ५७०० किलोपेक्षा जड विमानाचा कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल हे वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं, आणि एटीपीएलला १५०० तास. किंग एअर बी२०० या दोन टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या, इंजिनांच्या विमानाचं कमाल टेक-ऑफ वजन आहे ५६७० किलो, म्हणजे त्या रेषेच्या अगदी आत. सायटेशन एक्सएलएस नऊ टनांच्या पुढे जातं. त्यामुळे किंग एअर किंवा फेनम १०० अशा हलक्या विमानांवर सुरुवात केलेल्याला कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, वाट तुलनेने लवकर दिसू शकते. कंपनीच्या स्वतःच्या अटी अर्थातच वर असतात. पहिल्याच दिवशी ग्लोबल किंवा गल्फस्ट्रीम अशा मोठ्या जेटच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसायचं स्वप्न बघणाऱ्यांना हे रुचत नाही, पण माझ्या मते नवख्याने टर्बोप्रॉपला नाक मुरडू नये. छोट्या धावपट्ट्या, आडवा वारा, पावसाळी ढगांतलं उड्डाण हे सगळं तिथे हाताला लागतं.

टाइप रेटिंग म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं ग्राउंड स्कूल, परीक्षा, सिम्युलेटर आणि स्किल टेस्ट. एअरबस ए३२०चे सिम्युलेटर भारतात आहेत. बिझनेस जेटसाठी मात्र बहुतेकांना डलास, विचिटा किंवा दुबई अशा ठिकाणी जावं लागतं. खर्च मोठा. शिवाय दर सहा महिन्यांनी प्रोफिशियन्सी चेक आहेच, म्हणजे खर्च एकदाच होऊन संपत नाही. कंपनीला याची पूर्ण कल्पना असते. म्हणून तिला रेटिंग असलेला माणूस मिळाला तर ती आधी त्याला घेते, आणि नसलेल्याला घेतलं तर बाँड लिहून घेते.

मग स्वतःच्या पैशाने रेटिंग करून टाकावं का? हातात कंपनीचं लेखी पत्र नसेल तर अजिबात नाही. ए३२० देशभर शेकड्यांनी आहेत. एका प्रकारचं बिझनेस जेट देशात मोजकंच असतं. ज्या कंपनीच्या आशेने तुम्ही हॉकर या जेटचं रेटिंग केलं तिने पुढच्या वर्षी ते हॉकर विकून टाकलं तर ते कागद घेऊन जाणार कुठे? "आमच्याकडून रेटिंग करा, नोकरी पक्की" असं सांगून आगाऊ पैसे मागणारे मध्यस्थ या धंद्यात फिरत असतात. नोकरी देणारा एनएसओपीधारक कोण, विमानाचा व्हीटी क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, काय, एवढे दोन प्रश्न विचारले की त्यांची गाडी अडखळते.

आता विमा. अनेक पॉलिसींमध्ये विमान कोण उडवू शकतो याचं कलम असतं: एकूण तास इतके, जेटवरचे इतके, त्या प्रकारावरचे इतके. चीफ पायलटला तुम्ही कितीही आवडलात तरी या कलमात बसत नसाल तर त्याचे हात बांधलेले. म्हणून "आपल्या कंपनीत को-पायलटसाठी किमान तास किती?" हे फोनवर सरळ विचारावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. उत्तर ५०० आलं आणि तुमच्याकडे २१५ असतील तर निदान लक्ष्य कळलं.

२००-२५० तासांवर अडकलेल्यांपुढे तीन वाटा दिसतात. एक, इन्स्ट्रक्टर रेटिंग करून शिकवायचं. बारामती, धुळे, गोंदिया इथे उड्डाण प्रशिक्षण चालतं आणि प्रशिक्षकाचे तास भराभर वाढतात. दोन, चार्टर कंपनीच्याच ऑपरेशन्समध्ये जमिनीवरची नोकरी धरायची: फ्लाइट प्लॅन, परवानग्या, हँडलिंग. पगार कमी, पण चीफ पायलट तुम्हाला रोज काम करताना बघतो, आणि ते शंभर ई-मेलांच्या वरचढ आहे. तीन, घरी बसून वाट बघायची. तिसऱ्या वाटेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत संपते, हात गंजतो आणि मुलाखतीत "शेवटचं कधी उडालात?" या प्रश्नाला मान खाली जाते.

बायोडेटा: एक पान, आकडे वर

चार्टर कंपनीत बायोडेटा एचआर वाचत नाही. बऱ्याच ठिकाणी एचआर नावाचा विभागच नसतो. वाचतो तो डायरेक्टर ऑपरेशन्स किंवा चीफ पायलट, तोही दोन उड्डाणांच्या मधे, मोबाइलवर. त्याला 'मला लहानपणापासून आकाशाचं वेड' हा परिच्छेद नको असतो. पान उघडताच वरच्या तिसऱ्या भागात हे दिसलं पाहिजे: एकूण तास, पायलट-इन-कमांड, मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट, रात्रीचे तास, गेल्या सहा महिन्यांतले तास. त्याखाली लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मेडिकल यांच्या मुदती, तारखेसकट. मग पासपोर्टची मुदत आणि असलेले व्हिसा. अमेरिकेचा व्हिसा आधीच असेल तर ठळक लिहा, कारण सिम्युलेटरसाठी माणूस उद्या पाठवता येतो की तीन महिन्यांनी, याने फरक पडतो. राहायला कुठे आहात आणि मुंबईत किंवा दिल्लीत किती दिवसांत येऊ शकता, हेही लिहा. विषयाच्या ओळीत नाव, तास आणि रेटिंग: एवढ्यावर ई-मेल उघडायचा की नाही ते ठरतं.

आकडे लॉगबुकशी तंतोतंत जुळले पाहिजेत. न उडताच पेनने भरलेल्या तासांना वैमानिकांच्या बोलीत 'पार्कर पेनचे तास' म्हणतात, आणि जुना कॅप्टन लॉगबुक चाळून ते ओळखतो. महिनाभर दररोज बरोबर दोन तास, पावसाळ्यातही खंड नाही, असं दिसलं की त्याची भुवई वर जाते. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवल्याची प्रकरणं उघड झाली, अटकाही झाल्या. आता लायसन्स आणि लॉगबुकचा बराचसा कारभार डीजीसीएच्या ईजीसीए प्रणालीवर आल्याने पडताळणी आणखी सोपी झाली आहे. पूर्वी एखादी घटना तुमच्या हातून घडली असेल, कठीण लँडिंग, रनवेवरून घसरणं, नापास झालेला चेक, तर विचारण्याआधी सांगा. या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. बातमी तुमच्या आधी पोहोचलेली असते.

ओळखीचं म्हणाल तर, हो, ती चालते, आणि त्याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. दोन माणसं एका अरुंद कॉकपिटमध्ये दिवसभर बसणार, परगावी एकाच हॉटेलात राहणार, आणि मागे बसलेल्यांच्या जिवाची जबाबदारी घेणार. अशा ठिकाणी चीफ पायलट तुमच्या इन्स्ट्रक्टरला फोन करून "पोरगं कसं आहे?" असं विचारतो, यात गैर काय? ज्या क्लबात शिकलात तिथल्या मुख्य प्रशिक्षकाशी, हवाई दलातून निवृत्त होऊन चार्टरमध्ये आलेल्या कॅप्टनशी संबंध राखा. मुंबईत खासगी विमानांचं टर्मिनल कालिना बाजूला, गेट नंबर आठला आहे. पण तिथे पासशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे फाइल घेऊन थेट हँगर गाठायचा बेत करू नका. फोन करा, वेळ मागा.

मुलाखतीत काय बघतात

तांत्रिक प्रश्न असतातच. एक नमुना सविस्तर बघू, कारण छोट्या धावपट्ट्यांमुळे तो महाराष्ट्रात हमखास येतो. समजा, उतरायला १४०० मीटर धावपट्टी उपलब्ध आहे. भाड्याने उडणाऱ्या जेटसाठी सर्वसाधारण नियम असा की विमान उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबलं पाहिजे. म्हणजे विमानाच्या पुस्तकात त्या वजनाला, त्या तापमानाला लँडिंग डिस्टन्स ८४० मीटरच्या आत हवं. धावपट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के राखायचे. मग तोच आकडा साधारण ७३० मीटरवर येतो. आता विचारणारा पुढे म्हणतो, "प्रवासी सहा आहेत, सामान आहे, आणि परतीचं इंधन इथूनच भरून न्यायचंय, कारण तिकडे इंधन मिळत नाही. पाऊस पडतोय. जाणार?" इथे तुम्ही हिशेब तोंडाने करून दाखवायचा असतो: वजन वाढलं की लँडिंग डिस्टन्स वाढलं, म्हणजे एक तर इंधन कमी न्यायचं आणि परतताना वाटेत दुसरीकडे भरायचं, किंवा माणसं कमी करायची, किंवा दुसऱ्या विमानतळावर उतरायचं. हा प्रश्न पुस्तकी नाही. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेलं एक चार्टर लिअरजेट ४५ मुसळधार पावसात मुंबईला उतरताना धावपट्टीवरून घसरून मोडलं. आठही जण वाचले. अशा घटनांचे एएआयबी या विमान अपघात तपास संस्थेचे अहवाल वाचून मुलाखतीला जाणारा उमेदवार लगेच उठून दिसतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड, कारण त्यात गणित नाही. मराठवाड्यातली एक धावपट्टी. रात्रीचे दिवे नाहीत, सूर्यास्तानंतर उतरायला मनाई. प्रवासी मुंबईत पाऊण तास उशिरा येतात. आता निघालात तर सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी पोहोचाल. प्रवासी बडे आहेत, आणि त्यांचा माणूस म्हणतो, "कॅप्टनसाहेब, उजेड असतो हो तेवढा. मागच्या वेळी दुसऱ्यांनी उतरवलं होतं." कॅप्टन गप्प आहे आणि तुम्ही को-पायलट आहात. काय कराल?

"नियमानुसार नकार देईन" हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. चीफ पायलटला ऐकायचं असतं की तुम्ही हे निघण्याआधीच, प्रवाशासमोर नव्हे तर कॅप्टनला बाजूला घेऊन बोलाल. आणि नकाराबरोबर पर्याय पुढे ठेवाल. छत्रपती संभाजीनगरला रात्री उतरता येतं, तिथे गाडी सांगून ठेवू, पुढचा प्रवास रस्त्याने होईल, ऑपरेशन्सला आत्ताच फोन करतो. आणि कॅप्टनने तरीही जायचं ठरवलं तर? इथे बहुतेक जण चाचरतात. "मग मी या उड्डाणावर येणार नाही, आणि लेखी कळवेन," असं शांतपणे म्हणता आलं पाहिजे. ज्या कंपनीला हे उत्तर खटकतं तिथे नोकरी मिळाली नाही तर पेढे वाटा.

याखेरीज गुप्तता. विमानात कोण बसलं, कोण कुणासोबत आलं, काय बोललं, हे बाहेर जाता कामा नये. मुलाखतीआधी तुमचं इन्स्टाग्राम बघितलं जातं. प्रवाशासोबतचे सेल्फी, व्हीटी क्रमांकासकट रॅम्पवरचे रील असतील तर जड जाईल.

पाट्या टाकायच्या नसतील तरच

रोस्टर असतं, पण त्यावर विसंबून भाच्याच्या मुंजीला 'येतोच' म्हणू नये. रात्री दहाला फोन येतो: सकाळी सहाला मुंबई-इंदूर-दिल्ली, मुक्काम दिल्ली. एअरलाइनमध्ये मागे डिस्पॅच, इंधन, केटरिंग, लोडिंग असे वेगवेगळे हात असतात. इथे को-पायलट हवामान आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) बघतो, लोड अँड ट्रिम (वजनाच्या समतोलाचा हिशेब) करतो, इंधनाच्या पावतीवर सही करतो, डबे आले का ते बघतो, बॅगा ठेवतो. प्रत्येक उड्डाणासाठी फ्लाइट प्लॅन भरून एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी क्रमांक मिळवावे लागतात. एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी, तिच्याविना इंजिन सुरू करून उपयोग नाही. प्रवासी उशीर करतात, मुदत उलटते, पुन्हा फोन, पुन्हा नवा क्रमांक. त्यात मुंबईला गर्दीच्या तासांत खासगी विमानांवर निर्बंध असतात, म्हणून वेळ चुकली की पुढचे तीन तास गेले. दिवसाचं पहिलं उड्डाण असो वा नसो, ब्रेथ अॅनालायझरचे नियम पाळायचेच.

आणि तास फार हळू साठतात. एअरलाइनचा वैमानिक वर्षाला हजार तासांच्या मर्यादेजवळ पोहोचू शकतो. चार्टरमध्ये तीनशेही बरे म्हणायचे. बाकीचा वेळ थांबण्यात जातो. २०० तासांवर लागलात आणि वर्षाला ३०० उडालात तर एटीपीएलचे १५०० भरायला चार वर्षांहून अधिक. ज्याला लवकर कमांड हवी त्याने हा हिशेब आधी मांडावा.

सही करण्याआधी

ऑफर लेटर आलं की आनंदाने लगेच सही करू नका. बाँड किती रकमेचा, किती वर्षांचा, आणि दर महिन्याला ती रक्कम कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते, हे बघा. कंपनीनेच विमान विकलं किंवा परवाना गेला तर बाँडचं काय, हे लेखी मागा. बहुतेक करारांत याबद्दल एक शब्द नसतो. पगार निश्चित आहे की उडालेल्या तासांवर? विमान दुरुस्तीला दोन महिने उभं राहिलं तर? मेडिकल गेलं तर लॉस ऑफ लायसन्सचा विमा आहे का? मूळ लायसन्स किंवा लॉगबुक 'आमच्याकडे जमा करा' असं कुणी म्हणालं तर प्रती द्या, मूळ कागद देऊ नका.

नोटीसची मुदतही नीट वाचा. २०१७ साली डीजीसीएने कॅप्टनसाठी एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने अशी मुदत घातली, आणि तिच्यावर कोर्टकज्जे झाले. तुमच्या करारात काय लिहिलंय ते वकिलाला दाखवून घ्या, कारण दोन वर्षांनी एअरलाइनचं बोलावणं आलं की आधीच्या कंपनीची एनओसी मागितली जाते, आणि ती अडून बसली की दोन्हीकडची जागा हातची जाऊ शकते. वकिलाची फी काही हजार होईल. टाइप रेटिंगच्या बाँडची रक्कम लाखांत असते.